सांभाळून घेणारी पेटी

दादा गिटार वाजवायचा म्हणजे तारांशी भांडायचा. एक सूर असा हाणायचा की खिडकीच्या काचा थरथराव्यात, आणि पुढचे दोन ऐकायला कान लावून बसावं लागे. कोणी बोललंच तर गिटार वाईट, स्पीकर वाईट, हॉलच वाईट. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

धाकटी बहीण त्याच्यासोबत गायची. तिचा आवाज चांगला होता, आणि हे दादा सोडून सगळ्यांना मान्य होतं. दादाचे सूर जिथे मान टाकायचे तिथे ती आवाज चढवायची, तो तुटून पडला की गप्प व्हायची. आई म्हणायची, "सांभाळून घे गं त्याला." जन्मल्यापासून तिने दुसरं केलं काय होतं?

जेवणाच्या वेळी गाणंबजावणं ठेवणाऱ्या एका हॉटेलच्या मॅनेजरने दोघांना एकदा ऐकलं आणि तोंडावर सांगितलं, "गाणं छान. गिटार डोकं उठवते. शनिवारी पुन्हा या. नाही जमलं तर दुसरं कोणी बघतो."

धाकटीला त्या हॉटेलात गायचंच होतं. दिवसभर ती दुकानात बसून कानाची मशीनं दुरुस्त करायची, दुसऱ्यांना ऐकू यावं म्हणून. तिला कोणी ऐकावं अशी ही एकच जागा दिसत होती.

कानाच्या मशीनमध्ये मोठा आवाज आवरायची आणि बारीक आवाज उचलायची सोय असते. गिटारसाठी तेच काम कॉम्प्रेसर पेडल करतं. विकतचं आणायला दादा तयार नव्हता. म्हणे, मला कुबड्या नकोत. मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच करायला बसली. एक चिमुकला दिवा, त्याच्यासमोर उजेड ओळखणारा तुकडा, दोन्ही एका काळ्या नळीत, आणि नळी पेडलच्या पेटीत. तार जोरात वाजली की दिवा पेटणार आणि तुकडा आवाज आवरणार.

"मोठे सूर जरा दाबायचे, बाकीचे..." ती समजावू लागली.

"दाबायचे? म्हणजे माझा आवाज दाबायला निघालीस तू?"

"दाबत नाही रे. सांभाळून घेतं."

"मला सांभाळणारी तू कोण?" ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

पहिल्यांदा वाजवून पाहिलं तर सगळाच आवाज बसला. दादाला आनंद झाला. "मेला की आवाज! हेच हवं होतं ना तुला?" तिने पेटीत वाकून पाहिलं. पेटीचं झाकण उघडं होतं आणि खिडकीतला उजेड नळीच्या तोंडातून आत शिरत होता. तिने दोन्ही तोंडं काळ्या टेपने बंद केली. आता एकेक सूर सारखा, भरलेला येऊ लागला. दादा बराच वेळ वाजवत राहिला आणि म्हणाला, "आज माझा हात चांगला लागलाय." तिला ती सोल्डरिंगची तापलेली सळई त्याच्या हातावर टेकवावीशी वाटली.

शनिवारी गिटारला पेडल जोडून दिलं आणि ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न सांभाळता, गाण्याला हवं तसं गायली. मॅनेजरने डोळे मिटून ऐकलं.

"गिटार काय भरून येते हो!" तो दादाला म्हणाला. "आता तुम्ही एकटेच पुरे. जेवताना लोकांना शब्द नकोच असतात. चालेल ना?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो गिटारच्या खुंट्या पिळत होता.

"चालेल की," तो म्हणाला. "तसं मी एकटाच बरा वाजवतो."

"मग होऊन जाऊ दे एक, एकट्याने."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती वाकली, दोन्ही वायरी उपसल्या, पेडल पर्समध्ये टाकलं आणि गिटारची वायर सरळ स्पीकरला जोडली.

"अगं, काय करतेस? ते राहू दे ना," दादा दातांतून म्हणाला.

ती मॅनेजरशेजारी खुर्ची ओढून बसली.

"हं, वाजव."

मॅनेजरने डोळे मिटून घेतले.