रिंगखालची जागा

आमची सेंटर लग्न होऊन न्हावऱ्याला सासरी गेली आणि आमच्या रिंगखाली खिंडार पडलं. तिच्या पाठवणीला मी तिच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला की बायका म्हणाल्या, काय जीव आहे पोरींचा एकमेकींवर. कसला जीव न् कसलं काय! मी रडत होते ते स्वतःसाठी. बास्केटबॉलमध्ये रिंगखाली जी सगळ्यात उंच पोरगी उभी राहते ती सेंटर. चुकलेला चेंडू उसळून खाली आला की तो तिनं काढायचा, आणि आमच्या सेंटरनं तो कधी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नव्हता. आता तो कोण काढणार?

दौंडला रेल्वे कॉलनीत आमचं कोर्ट होतं. सिमेंटला तडे गेलेले, रिंगला जाळी नाही. शिकवणारे सर रेल्वेत फिटर होते, ड्यूटीवरून आले की काळ्या हातांनीच चेंडू घ्यायचे. मी बुटकी, त्यामुळे चेंडू पुढं आणून दुसऱ्यांना द्यायचं काम माझं. सेंटर गेल्यावर सरांनी त्या जागी आमच्यातली एक अंगानं दणकट ख्रिश्चन पोरगी उभी केली. पोरगी जिवाला जीव देणारी, पण तिची उडी म्हणजे पाटावरून उठल्यासारखी. जिल्ह्याच्या स्पर्धेत पुण्याच्या पोरींनी आम्हाला पहिल्याच फेरीत धुतलं. मी चेंडू घेऊन रिंगपर्यंत पोचायचे आणि द्यायला माणूसच नसायचं. शेवटी शेवटी मी नुसती चेंडू आपटत जागेवर उभी होते. सर बाहेरून ओरडत होते, "दे की! दे की!" कुणाला देऊ, डोंबल!

त्या रात्री वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, जेवताना निकाल सांगितला. "आजून एक साल देतो. पुढच्या साली राज्याच्या टीममधे तुझं नाव आलं तर मी आडवणार न्हाई. खेळाडूंच्या जागा निघत्यात रेल्वेत, पोलिसात. लाग नोकरीला, ऱ्हा तुझ्या पायावर. न्हाई आलं तर चेंडू आडात टाकायचा आन् मी दावंल तिथं बोहल्यावर उभं ऱ्हायचं."

दादा एरवी असा शब्द देणारे नव्हते. मी तो पदरात बांधूनच ठेवला. राज्याच्या पोरी निवडायच्या त्या जिल्ह्याच्या फायनलला पोचलेल्या टीममधून. फायनल गाठायची तर रिंगखाली कुणीतरी उंच हवं. म्हणजे माझा सगळा जन्म त्या एका जागेवर येऊन अडला होता, आणि ती जागा माझी नव्हतीसुद्धा.

उन्हाळा लागला. सरांनी खडूनं सिमेंटवर रिंगखालचा चौकोन काढला, आम्हाला भोवती बसवलं आणि म्हणाले, "हितं कोण, ते बोला." आम्ही बोललो. एक म्हणाली, जुन्या सेंटरलाच सासरहून आणू, डिसेंबरच्या जिल्हा स्पर्धेपुरती. दुसरी म्हणाली, आहे तिलाच पाठ लावून अडवायला शिकवू, उंची नसली तर नसली, समोरचीला उडूच द्यायची नाही. दणकट पोरगी मान खाली घालून तडा उकरत होती. मी म्हणाले, मी वाढते. सगळ्या फिदीफिदी हसल्या, पण मी खरंच सकाळ-संध्याकाळ दाराच्या चौकटीला लोंबकळत होते. आई म्हणायची, "लोंबकळून दुधी वाढतो, पोरगी न्हाई."

आधी न्हावऱ्याला गेलो, सर, सरांची बायको म्हणजे काकू, आणि मी. नुसता बाप्या माणूस लेकी-सुनांच्या घरी कसा जाईल, म्हणून काकू. आमची सेंटर डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. पोट दिसत होतं. सर खाटेवर बसून कांद्याच्या भावाबद्दल बोलले, चहा प्यायले आणि उठले. विषय काढलाच नाही. निघताना तिनं माझा हात दाबला आणि हळूच विचारलं, "आपल्या रिंगला जाळी बसवली का गं?"

राहिली कुणीच न बोललेली वाट, नवीन पोरगी शोधायची. दुधाच्या गाडीवाल्यानं सरांना सांगितलं होतं, राहू गावात एक पोरगी आहे, दारातून वाकून आत जाते. त्याच्याच हाती सरांनी निरोप धाडला की दौंडहून माणसं येतायत. एवढाच निरोप. आता मला सांगा, मे महिना, नवरा-बायको जोडीनं येणार, सोबत एक तरणी पोरगी, आणि आमच्या काकू तर रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवायच्या नाहीत, म्हणून पिशवीत नारळ, पेढे आणि खण. त्यात सर-काकू, मी, आणि राहूचं ते घर, सगळी आम्ही एकाच समाजातली, मागच्या पिढीपर्यंत मेंढरांमागं फिरणारी. त्या घरानं काय समजायचं? जे समजायचं तेच समजले. आम्ही तिघं इतकी चेंडूच्या नादात की आमच्या कुणाच्याच टाळक्यात ते आलं नाही.

केडगावपर्यंत रेल्वेनं, पुढं जीपनं गेलो. अंगण सारवलेलं, सतरंजी अंथरलेली, पोरीचे आजोबा नवा फेटा बांधून बसलेले. मला आपलं बरंच वाटलं, खेळाला मान आहे म्हणून! पोहे आले. पोह्यांमागं पोरगी आली. देवा रे, काय उंची! आमची जुनी सेंटर तिच्या कानाला लागली असती. हात असे लांब की ताट सरांपुढं ठेवायला ती वाकलीसुद्धा नाही. लुगडं घोट्याच्या वर राहिलं होतं आणि ती ते सारखं खाली ओढत होती.

सर अधाशासारखे बघत होते. "हात वर कर बरं," म्हणाले. घरातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोरीनं हात वर केला, बोटं पडवीच्या आढ्याला लागली. सर म्हणाले, "पळती का?"

"पळंल की!" आजोबा म्हणाले. "पर पाव्हणं, पळाय कशाला लावताय? पळून जायाची न्हाई ती कुठं."

आणि सरांनी पिशवीतून चेंडू काढला.

मी उठून अंगणात गेले आणि तिला पास दिला. मुद्दाम उंच दिला, जुन्या सवयीनं. तिनं एका हातानं तो वरच्या वर झेलला, कणसं खुडावीत तसा, आणि काय करायचं कळेना म्हणून शेजारच्या कडब्याच्या गंजीवर अल्लाद नेऊन ठेवला. मी आयुष्यात दिलेला सगळ्यात चांगला पास तो. ती हसली. "ताई, आजून एक टाका," म्हणाली. मला त्या क्षणी नोकरीचं पत्रच हातात आल्यासारखं झालं.

तिकडं पडवीत आजोबांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कुणाचा मुलगा?" सर म्हणाले.

ते ऐकून पोरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. कुंपणापाशी अख्खी आळी जमली होती. पोरीला आधी दोनदा बघून गेले होते आणि उंचीपायी नकार आला होता. आता तिसऱ्यांदा पाव्हणे आले, पोहे खाल्ले, आणि म्हणणार, आम्ही त्यासाठी आलोच नव्हतो? त्या घराची अब्रू आमच्या एका वाक्यावर टांगली होती. सर पिशवीत हात घालून उगीच चाचपायला लागले. काकूंनी मात्र खण सारखा केला आणि म्हणाल्या, "अवो आबा, ह्यांना काय इचारता! मुलगा माझ्या भावाचा, शिरूरला असतो, कंपनीत हाय. लई उंच, जोडीची पोरगी मिळंना. चेंडू व्हय? ते आपलं पोरीचा चपळपणा बघायला. आमच्यात आवड हाय."

काकू खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. भाचा होता, उंच होता, आणि त्याला पोरगी मिळत नव्हती. त्या माउलीनं एका घराची लाज राखली. माझा मात्र तिथल्या तिथं बळी गेला. आजोबांनी साखर आणायला सांगितली. गंजीवरून काढून आणलेला चेंडू मांडीवर घेऊन सर तसेच बसले, आणि त्यांच्या तोंडात कुणीतरी पेढा घातला. सेंटर शोधायला गेलो आणि सून ठरवून आलो! जीपमध्ये सर एवढंच म्हणाले, "लग्नानंतर खेळंल की. शिरूर काय लांब न्हाई." काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चेंडू पिशवीत टाकला.

मी तरी आशा सोडली नाही. लग्नापर्यंत तरी तिला कोर्टावर पाठवतील, म्हणून निरोप धाडला. उत्तर आलं, हळदीची पोरगी उन्हात जायची नाही.

लग्न शिरूरला झालं. आईनं मला हिरवी साडी नेसवली. मी करवलीसारखी मिरवले, पंगतीत वाढलं, चेंडू खेळून पाय हलके होते म्हणून सगळ्यांत जास्त खेपा माझ्याच. माझ्या त्या खेपाच मला नडल्या. नवरदेवाच्या आईनं काकूंना विचारलं, "ही चुणचुणीत पोरगी कुणाची?" नवरदेवाला धाकटा भाऊ होता.

आठवड्यात माणसं आमच्या दारात. मी दादांना आतल्या खोलीत गाठलं. "तुम्ही मला पुढच्या सालापर्यंत शब्द दिलाय."

"दिलाय की," दादा म्हणाले. "पर स्थळ चालून आलंय, त्याला काय लाथ मारू? आन् रिंगखाली उभी करायला हाय का तुमच्याकडं कोण? मग कशाच्या जिवावर जिंकणार हुतीस?"

ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते खरं बोलले, म्हणून मी तोंडात पदर कोंबून रडले. पाव्हणे म्हणाले, साखरपुड्यातच लग्न उरकून टाकू, परत मांडवाचा खर्च नको. सकाळी साखर वाटली, दुपारी अक्षता पडल्या. सर आले होते. अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. मला त्यांचा राग आला. आजही येतो. एकदा तरी दादांपुढं उभं राहून म्हणायचं होतं की ही पोरगी चांगली खेळते!

बाया म्हणाल्या, नशीब काढलं पोरीनं, ओळखीची जाऊ मिळाली. म्हणजे झालं असं, की आमच्या टीममध्ये ज्या दोघी हव्या होत्या, त्या दोघी शिरूरला एका स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. ती थोरली जाऊ, म्हणून मी तिला आक्का म्हणायचं आणि तिनं मला अगं-तुगं. वयानं मी मोठी, पण नात्यानं धाकटी. डिसेंबरात दौंडहून कळलं की टीमनं नाव दिलंच नाही, पोरीच पुऱ्या पडल्या नाहीत. त्या दिवशी घरात वाटण करायचं होतं. मी पाट्यावर असा वरवंटा चालवला की सासूबाई म्हणाल्या, "दगूड झिजवती का काय!"

खेळाचं नाव मी त्या घरात काढलं नाही. आक्कानंही काढलं नाही. मला वाटायचं, तिला सगळं ठाऊक आहे आणि ती बिचारी माझ्यासाठीच गप्प आहे. वर्षं गेली, लेकरं झाली, गॅस आला, पाटा जाऊन मिक्सर आला. घरातली मोठी भांडी माळ्यावर असतात. मी खालून द्यायची आणि आक्कानं हात वर करून ठेवायची, तिला कधी स्टूल लागलं नाही. पण बाहेर चारचौघांत ती पोक काढून चालायची. फोटोत मागं उभी राहायची, तेही गुडघे वाकवून.

एका दिवाळीनंतर आम्ही भांडी वर टाकत होतो. मी पातेलं दिलं आणि तिनं ते हातात धरून विचारलं, "का गं, त्या दिशी राहूला तुमी चेंडू आणलावता. माज्या आज्यानं मरंस्तवर सांगितलं लोकांना, पाव्हण्यांनी चेंडू टाकून पोरगी पारखली म्हणून. काकूंना ते सुचलं तरी कसं?"

हिला माहीतच नव्हतं!

"आक्का," मी म्हणाले, "आम्ही बघायला नव्हतो आलो. आम्ही तुम्हाला खेळायला न्यायला आलो होतो. आमच्या टीमला उंच पोरगी पाहिजे होती. दुसरं काही नको होतं."

"उंचच पायजे हुती?"

"उंचच."

तिनं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुमी समद्यांनी माजी उंची चालवून घेतली." आणि मग, "त्या दिशी मी म्हटलं हुतं, आजून एक टाका. तू टाकला न्हाईस."

चेंडू तेव्हा गंजीवर होता आणि काकू बोलायला लागल्या होत्या, हे मी तिला सांगितलं नाही. ती खाली बसली, भिंतीला पाठ टेकून, लांबच्या लांब पाय पसरून, आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मीही तिच्या शेजारी बसले. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, भांडी झाली का वर ठेवून. मी म्हणाले, एक राहिलंय.