तुमच्यात नसतो तो आजार

मितू मंगळवारी दुपारी गेली. बाळंतपणानंतर रक्त थांबलं नाही. अंगात हिमोग्लोबिन होतं पाच. मुलगी वाचली. मितू माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

त्याच्या दीड वर्ष आधी मीच तिला मनीषनगरच्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तेव्हा ती गरोदर नव्हती. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंडात फोड यायचे, केस मुठीनं गळायचे. गोळ्या खाऊन रक्त वाढत नव्हतं. डॉक्टरांनी फाइल उघडली. आडनाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मूळचे कुठले?"

"हुडकेश्वरला राहतो."

"ते झालं. मूळचे?"

"इंदोरा."

"हं."

इंदोरा म्हटलं की नागपुरात जात वेगळी विचारावी लागत नाही.

खोलीत तपासायचा पलंग होता. त्यावर तिला झोपवलं नाही. पोटाला हात लावला नाही. मितू आपणहून सांगू लागली. ती घरी बोलायची तशीच बाहेरही बोलायची. "डॉक्टरसाहेब, मले मौद्याले मावशीकडे गेली का बरं वाटते. तिथं भातच खातो न आम्ही. पोट नाही फुगत. घरी आली का फुगून राह्यते."

"मग मावशीकडेच राहा. माझ्याकडे कशाला येता?"

बाजूला उभी असलेली मदतनीस हसली. मीही हसले.

मग ते मितूकडे न बघता माझ्याशी बोलले. "तुमच्याकडच्या बायका आयर्नच्या गोळ्या नेतात आणि फेकून देतात. रक्त वाढणार कुठून? तुम्ही शिकलेल्या दिसता. लक्ष ठेवा हिच्यावर."

मी म्हटलं, "हो सर."

शिकलेल्या दिसता, हे ऐकून मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले.

घरी येऊन मी लक्ष ठेवलं. रोज सकाळी तिला माझ्यासमोर गोळी गिळायला लावायची. मग म्हणायची, तोंड उघड. जीभ वर कर. लग्न झालेली, औषधपाण्यासाठी माहेरी आलेली सत्तावीस वर्षांची बाई लहान मुलीसारखी तोंड उघडायची. एकदा म्हणाली, "खातो न वं ताई. तुले काहून खोटं सांगू?" तरी मी बघितलं.

गोळी पोटात जात होती. पोट ती घेत नव्हतं. ही साधी गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि मी विचारली नाही.

आमच्या घरी ज्वारी होती. आजी, आजोबा, त्यांच्या आधीचे सगळे भाकरीवर जगले. बाबा रेल्वेत लागले आणि घरात गहू आला. शाळेत डबा उघडला की वर पोळी दिसली पाहिजे, असा आईचा नियम. पाहुणा आला की भाकरीची टोपली झाकली जायची. पोळी म्हणजे वर आलेलं घर. मग आजारी पोरीला आई भाकर कशी देईल? ती दोन पोळ्यांच्या चार करायची. तूप लावून, समोर बसून चारायची. मितू कण्हत खायची. आईचं मन मोडू नये म्हणून खायची.

मितूनंतर मी ग्रंथालयात बसून वाचायला लागले. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वैद्यकाची दोन-तीन जाडी पुस्तकं आमच्याकडे आहेत, वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. त्यांत सीलिअ‍ॅक नावाचा आजार सापडला. गहू आतड्याला सोसत नाही. आतडं झिजतं, अन्नातलं लोह रक्तात जात नाही. फुगलेलं पोट. तोंडातले फोड. गोळ्यांनी न वाढणारं रक्त. एकाला असला तर सख्ख्या भावंडांनाही असू शकतो. फोड माझ्याही तोंडात येत होते, कॉलेजात असल्यापासून. आमच्या घरी त्याला उष्णता म्हणायचे.

मी गहू सोडला. चार महिन्यांत पोट शांत झालं. मग मी त्याच डॉक्टरांकडे गेले. एकटी. माझ्या हातात मितूची फाइल होती. त्यांना मितू आठवली नाही.

"बहीण गेली म्हणता. मनावर घेतलंय तुम्ही. झोपेची गोळी देतो."

"सर, सीलिअ‍ॅकची तपासणी लिहून द्या."

"कुठं वाचलं? मोबाइलवर?"

"पुस्तकात."

"अहो, तो पंजाब-हरियाणाकडचा आजार. चांगलं खाणाऱ्यापिणाऱ्यांचा. तुमच्यात नसतो तो. तुमच्यात रक्त कमीच असतं."

तुमच्यात. माझे आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. मी दोन विषयांत एम.ए. केलं. आणि या माणसाच्या लेखी माझं आतडंसुद्धा अजून तिथंच होतं, जिथं त्याच्या आजोबांनी आम्हाला ठेवलं होतं.

तपासणी त्यांनी लिहिली. लिहिताना म्हणाले, "समाधानासाठी."

रिपोर्ट आला. आजार नाही. बाहेर पाच-सहा माणसं बसली होती. दार उघडंच होतं. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. मी रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघाले. बाहेरच्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. मी खाली पाहिलं.

आठवड्यानं तेच पुस्तक पुन्हा काढलं. आधी वाचताना नजरेतून सुटलेलं एक वाक्य दिसलं. गहू खाणं चालू असेल तरच ही तपासणी खरं सांगते. मी चार महिने गहू खाल्लेला नव्हता. आणि माझ्यासाठीच्या दोन्ही भेटींत त्यांनी मला एक प्रश्न विचारला नव्हता, की बाई, तुम्ही काय खाता?

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी त्यांना सर म्हटलं नाही.

"रक्त दिलं तेव्हा मी चार महिने गहू बंद केला होता. तुम्ही विचारलं नाही. या रिपोर्टला अर्थ नाही. तसं यावर लिहून द्या."

"बाहेर पेशंट बसलेत, मॅडम."

"मीही पेशंटच आहे."

"केस करायची आहे का माझ्यावर?"

"हा आजार आमच्यात नसतो, असं तुम्ही म्हणालात. तेही लिहा. खाली सही करा."

ते खुर्चीत मागे टेकले. मदतनिसीला म्हणाले, "यांना बाहेर न्या." तीच बाई. ती जवळ आली, माझ्या दंडाला हात लावला. "चला न ताई, काहून तमाशा करता?"

"तमाशा मागं केला होता, माझ्या बहिणीचा. तुम्ही हसल्या होत्या, मीही हसले होते. आज नाही उठणार."

तिनं हात काढला. पंखा चालू होता. मी दोन्ही पंजे फरशीवर घट्ट रोवले. आयुष्यात मी कुणाच्या खोलीत, त्यानं जा म्हटल्यावर, इतका वेळ बसले नव्हते.

शेवटी त्यांनी पेन उचललं. दोन ओळी लिहिल्या. तपासणी गहू बंद असताना झाली. सहा आठवडे रोज गहू खाऊन पुन्हा रक्त तपासावं, गरज पडल्यास दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा घ्यावा. सही केली.

'तुमच्यात नसतो तो' हे दुसरं वाक्य त्यांनी लिहिलं नाही. ते मी इथं लिहिलं आहे.

आता मी रोज पोळ्या खाते. आईनं पहिल्याच दिवशी पोळपाट माझ्यासमोर आपटला. "काहून खाऊन राहिली वं? हेच भोवलं न तिले."

"माहीत नाही न आई. तेच तं माहीत करायचं आहे."

"मी नाही लाटत. माह्या हातानं एकीले चारलं, पुरे झालं. तुले खायचं असन तं तूच लाट."

मी लाटते. माझ्या पोळ्या गोल होत नाहीत. आई दुसऱ्या खोलीत बसते.

मितूच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं आहे, रक्तस्राव. अंगात मुळात रक्त का नव्हतं, ते लिहिलेलं नाही. तिला आता कुणी तपासू शकत नाही. मला तपासू शकतात. तिची मुलगी अकरा महिन्यांची आहे, आमच्याकडेच असते, आणि ताटातल्या तुकड्याला हात घालते. माझ्यात निघालं, तर तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ते लिहीन, आणि जो डॉक्टर ते वाचणार नाही त्याच्यासमोरून उठणार नाही. निघालं नाही, तर दुसरं कारण शोधीन. माझी बहीण गेली, हिची आई गेली, असं सांगत बसणार नाही. कागद समोर ठेवीन.

आज तेविसावा दिवस. रोज तीन पोळ्या. पोट फुगलेलं आहे. तोंडात फोड आहेत. एकोणीस दिवस राहिले.