बाबांनी बांधलेला डोळा

पुण्याला निघायच्या सकाळी बॅगा दारात आल्या, आईने तळहातावर दही ठेवलं, शेजारच्या काकू ओवाळून गेल्या, आणि बाबांचा पत्ता नव्हता. ते घरामागच्या आमच्या रोपवाटिकेत शेवटच्या ओळीत उकिडवे बसले होते. बस चुकेल म्हणून मी बोलवायला गेले, तर वर न बघताच म्हणाले, "थांब जराशी. साल उघडी ठेवून उठता येत नाई."

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे संत्रं बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरी वाढवायची. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबटढाण लिंबू, पण मुळाचं चिवट. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याची साल चिरायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून कोंब फुटायची जागा, म्हणजे डोळा, काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. पुढे झाड आहे तोवर एकच पथ्य: डोळ्याच्या खाली काही फुटलं तर ते लगेच काढायचं. ती फूट जंबेरीची असते आणि संत्र्याच्या तोंडचा घास खाते.

बस चुकलीच. बाबांनी तेव्हा डोळा बांधलेलं ते रोप ओळीतून बाजूला काढून ठेवलं. आईने विचारलं तर म्हणाले, हे इकाचं नाई. मग मला अकोल्याला जाणाऱ्या पुढच्या बसमध्ये बसवून दिलं. पुढे अंगणात, हौदाजवळ, त्यांनी ते लावलं. पाचव्या वर्षी त्याला तीन संत्री आली. दोन त्यांनी मामाबरोबर पुण्याला पाठवली आणि एक आई-बाबांनी अर्धं अर्धं खाल्लं.

मी निघाले त्याला बारा वर्षं झाली. आता पुण्यात आमच्या सोसायटीत गार्डन कमिटी आहे आणि मी तिची अध्यक्ष आहे. निवडणूक वगैरे काही नाही. कुणीतरी ग्रुपवर लिहिलं की ह्यांचे वडील नर्सरीवाले होते, आणि अठ्ठावीस अंगठे वर आले. दर वर्षी मे महिन्यात आमची बैठक होते, क्लब हाऊसमध्ये, एसी लावून. सगळ्यांना सावली हवी असते आणि पानगळ नको असते. फुलं हवीत, पण गाड्यांवर पडायला नकोत. कुंपण दाट हवं, पण छाटायला माळी लागता कामा नये. एका गृहस्थांनी तर गेल्या वर्षी विचारलं, की मुळं कमी असलेलं एखादं मोठं झाड मिळेल का.

अशा वेळी मला आई आठवते. अकोल्यात जठारपेठेत ती रोपांची हातगाडी लावायची आणि गिऱ्हाइकाची पोलिसांसारखी चौकशी करायची. गुलाब मागितला की विचारायची, दुपारी घरी कोन राह्यते? कुणी राहत नाही म्हटलं की गुलाबाचं रोप परत गाडीवर. "तुमी सदाफुली न्या," म्हणायची. पुण्यात असं बोललं तर उद्धटपणा होतो. मी "आपण सदाफुलीचाही विचार करू शकतो" असं म्हणते आणि माझं मलाच हसू येतं.

बाबांची रीत वेगळी होती. ते फुलाकडे बघतच नसत. संत्र्याची रोपं निवडायला मला शिकवलं तेव्हा डोळे मिटायला लावले आणि एकेक पान चुरून नाकाशी धरलं. संत्रं कोणतं, जंबेरी कोणती, मोसंबी कोणती. दहा वर्षांची असताना मी दहाच्या दहा ओळखायचे. आज हे लिहिताना लाज वाटते.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांना कंपवात झाला. रोपवाटिका बंद झाली, जमीन चुलत्याने बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, घेतली, आणि बाबा दिवसभर अंगणात त्या एका झाडाजवळ खुर्ची टाकून बसू लागले. फोनवर एकच गोष्ट सांगायचे: "घरी आली का खालची फूट काढून देजो माय. माह्या हाताले आता करवत धरवत नाई." मी हो म्हणायचे. दिवाळीला दोन दिवस गेले, तेव्हा ओट्यावर बसून लॅपटॉपवर कामच केलं. ते समोर खुर्चीत होते, झाड त्यांच्यामागे होतं, खालची फूट माझ्या खांद्याएवढी झाली होती. पुढच्या वेळी नक्की, म्हटलं. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे 'पुढच्या वेळी' समजावून सांगायला नको.

जानेवारीत ते गेले. दहाव्याचं आटोपून माणसं पांगली आणि मला अंगणात नुसतं उभं राहवेना. मी करवत काढली. बाबांनी सांगितलेलं एवढं एकच काम माझ्या हातून व्हायचं राहिलं होतं. झाडाच्या बुडाशी माती चढली होती. तिथून दोन खोडं वर आली होती. एक वाळल्यासारखं, पानं झडलेलं. दुसरं हिरवंगार, जोमदार. वाळकं काढायचं आणि हिरवं ठेवायचं, इतका साधा विचार मी केला आणि वाळकं कापून टाकलं.

तुम्ही गावी राहिलेले एव्हाना डोक्याला हात लावून बसला असाल. थंडीत संत्र्याला ताण देतात. पाणी तोडतात, झाड पानं टाकतं, मेल्यासारखं दिसतं, आणि नंतर पाणी सोडलं की फुलांनी लदबदतं. हे मला पाठ होतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. करवत चालवताना लाकूड आत ओलं लागत होतं, तेही मला कळलं. तरी मी थांबले नाही. माती बाजूला सारून डोळ्याचा सांधा शोधला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर तीन वर्षं मी घरी गेले ती दोन-दोन दिवसांसाठी, आणि झाडाच्या जवळ गेलेच नाही. आई व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायची, मागे झाड हिरवं दिसायचं. संत्री आली का विचारलं की म्हणायची, यंदा बहार गळाला. मी समाधान मानायचे. बाबांच्या हातचं निदान ते तरी राहिलं, असं ऑफिसमध्ये एकदोघींना सांगितलंही.

या मे महिन्यात सोसायटीत लावायच्या झाडांची यादी घेऊन मी आईकडे गेले. कमिटीतल्या एकांनी सुचवलं होतं, तुमच्याकडचं एखादं संत्रं लावू या. म्हटलं, डोळ्यांसाठी आपल्याच झाडाच्या फांद्या न्याव्यात. सकाळी झाडाजवळ गेले. काटे फार वाटले. पान तोडून चुरलं आणि नाकाशी धरलं. दुसरं चुरलं. तिसरं चुरलं. मग पानांच्या आड ते खडबडीत पिवळं फळ दिसलं आणि मी हौदाच्या कडेवर बसले.

आई दारात होती. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"मले त्याच दिवशी दिसलं," ती म्हणाली. "मी अठीच उभी होती."

"मग सांगितलं काहून नाई?" इतक्या वर्षांनी माझ्या तोंडात आपली बोली आली.

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "तू रडून राहिली होती अन् कापून राहिली होती. अर्धं तं कापलंच होतं. तवा सांगतलं असतं तं तू या घरात पुन्हा आली नसती. झाड गेलं तं गेलं. पोरगी नोती जाऊ द्याची मले."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. बाबा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते. ती माझ्या केसांतली पानं काढत बसली.

पुण्याला येऊन मी यादी पूर्ण केली. सावलीला बकुळ आणि ताम्हण, कुंपणाला कामिनी, गेटजवळ सदाफुली. संत्र्याचं विचारलं तेव्हा इकडची हवा मानवत नाही, असं सांगून टाकलं. सगळ्यांना पटलं. शनिवारी खड्डे घेतले, मुलांनी फोटो काढले, समोसे झाले.

मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं. पूर्वी मी अकोला म्हणायचे, आणि त्यात थोडा रुबाब असायचा, थोडी हळहळ. आता नाव तेच सांगते, पण त्यातला रुबाब गेला. कारण त्या घराच्या अंगणात माझ्या हातून झालेली चूक आठ हात उंच वाढली आहे, आणि माझी आई रोज सकाळी तिला बादलीभर पाणी घालते.