मामांचा बेल्जियन क्लब

वॉटफर्डमध्ये मराठी माणसं नक्की किती आहेत हे मला सांगता येणार नाही, कारण मी मोजलेली नाहीत. पण बेल्जियममधल्या एका लहानशा गावातल्या फुटबॉल क्लबचा समग्र इतिहास तोंडपाठ असलेला मराठी माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे, एवढं मी जबाबदारीने सांगू शकतो. हा क्लब कधीही वरच्या दर्जात खेळला नाही. त्याचं नाव त्या गावापासून वीस मैलांवर कोणी ऐकलेलं नसेल. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एक मोठं स्टेडियम आहे, तिथे शनिवारी वीस हजार माणसं जातात. मामा त्या वेळी बरोबर उलट्या दिशेने, गर्दी कापत, दूध आणायला निघतात. "तिकडे काय बघायचं?" ते म्हणतात. "त्या खेळाडूंपैकी सोमवारी सकाळी एक तरी कामावर जातो का?"

मामांच्या लेखी हीच खरी कसोटी. त्यांच्या माळ्यावर चौदा खोकी आहेत आणि त्यांत क्लबच्या सहाशे बारा खेळाडूंची सहाशे बारा कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर खेळाडूचं नाव, सामने, गोल, आणि या सगळ्याच्या वर, लाल शाईत, त्याचा धंदा: पोस्टमन, खाटीक, शाळामास्तर, शवपेट्या करणारा सुतार. हा सुतार उजव्या बाजूने खेळायचा आणि मामांच्या मते प्रतिस्पर्धी त्याच्या वाटेला जायला कचरायचे. क्लबचं मैदान कुठल्या साली कुठल्या शेतकऱ्याकडून घेतलं, त्याची गाय कितीदा पेनल्टी बॉक्समध्ये आली, हे सगळं मामा तारीखवार सांगतात. मात्र त्यांना आपल्या लग्नाचं साल विचारलं तर आधी क्लब खालच्या दर्जात उतरल्याचं साल आठवतात आणि त्यात दोन मिळवतात. मामी म्हणतात, "दोन्ही घसरणी एकाच हिशेबात बसवल्यात हो तुम्ही."

बेल्जियमच्या क्लबांना नोंदणीचा एक क्रमांक असतो. जितका क्लब जुना, तितका आकडा लहान. मामांना या क्रमांकाचा असा अभिमान, की घराच्या अलार्मपासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळीकडे तोच वापरलेला. मी एकदा सुरक्षिततेचा मुद्दा काढला, तर मामी म्हणाल्या, "चोर आधी तिकडचा इतिहास वाचून येणार असेल तर येऊ दे बापडा. यांना गप्पा मारायला कोणीतरी मिळेल."

दर रविवारी दुपारी चार वाजता मामा क्लबच्या कँटीनमध्ये फोन लावतात आणि निकाल विचारतात. हल्ली तो इंटरनेटवर पाच मिनिटांत येतो, हे मी त्यांना दाखवून दिलं आहे. "तो कोणीतरी टाकलेला असतो, जावईबापू," ते म्हणाले. "फोनवरचा बघितलेला असतो." आमच्या घराची वास्तुशांत दुर्दैवाने रविवारी होती. आरती ऐन रंगात असताना मामा उठून बागेत गेले आणि परत येऊन, ज्या आवाजात गावाकडून तार आल्याचं सांगावं त्या आवाजात, "गेलं सगळं," एवढंच म्हणाले. बायकोच्या ऑफिसातल्या एका इंग्रज बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन सांत्वन केलं. मामांनी ते स्वीकारलं. क्लब पाच-शून्य हरला होता, तेव्हा ते गैरलागू होतं असंही मला म्हणवत नाही.

हे वेड लागलं कसं, तर पंचेचाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका छापखान्याने सव्वीस वर्षांच्या मामांना नवं यंत्र शिकायला पाच महिने त्या गावी पाठवलं. हिवाळा होता. मामांना ना भाषा येत होती ना मांस चालत होतं, त्यामुळे ते पाव आणि उकडलेले बटाटे खाऊन खिडकीत बसायचे. ज्या घरात भाड्याने राहत, तिथल्या बाईंचा मुलगा योस बेकरीत कामाला होता आणि क्लबकडून डावा बचाव सांभाळायचा. पहिल्याच रविवारी तो वर आला, आपला जुना कोट मामांच्या अंगावर टाकला आणि त्यांना ओढत मैदानावर घेऊन गेला. पुढे मामांना वॉटफर्डच्या छापखान्यात नोकरी लागली, संसार झाला, निवृत्तीही झाली; पण मनाने ते अजून त्याच मैदानाच्या कडेला उभे आहेत. तिथली भाषा त्यांना फक्त पंचांना शिव्या घालण्यापुरती येते. त्या भाषेत त्यांना पाव विकत घेता येणार नाही.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून मामांनी क्लबचा इतिहास लिहिला. हाताने लिहिलेली चारशे तीस पानं. क्लबचे चिटणीस वर्षानुवर्षं पत्रांतून त्याची चौकशी करत होते. शेवटी मामांनी पहिलं प्रकरण पाठवलं आणि तिकडून फार नम्र उत्तर आलं, की अक्षर सुंदर आहे, पण ही कुठली लिपी? कारण इतिहास मामांनी मराठीत लिहिला होता.

"अहो, निदान इंग्रजीत तरी लिहायचा!" मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"तुला त्या देशाची कल्पना नाही," मामा शांतपणे म्हणाले. "तिथे निम्मे लोक एक भाषा बोलतात, निम्मे दुसरी, आणि दोघांत भांडण. एकीत लिहिलं की दुसरे रागावणार. मराठीत लिहिलं की कोणाची बाजू घेतली असं होत नाही."

तर या एप्रिलमध्ये चिटणीसांचं पत्र आलं, की क्लब शेजारच्या गावच्या क्लबात विलीन होतोय. दोन क्लब एक झाले की क्रमांक एकाचाच राहतो, आणि राहणार होता तो शेजाऱ्यांचा. मामा दोन दिवस जेवले नाहीत. पत्रात पुढे एक विनंती होती. कँटीनच्या भिंतीवर एक मोठा फलक लावायचा होता: आजवरचे सगळे खेळाडू, त्यांचे सामने, त्यांचे गोल. क्लबची म्हणून उरणार होती ती हीच एक वस्तू, आणि हे आकडे जगात फक्त मामांकडे होते. आकडे वाचायला मराठी लागत नाही.

मामांनी यादी केली आणि तपासायला माझ्याकडे दिली. मी कामात काटेकोर आहे. काहीजण याला दुसरा शब्द वापरतात. तीन रविवार बसून मी सामन्यांच्या निकालांवरून गोलांची बेरीज केली, मग खेळाडूंच्या कार्डांवरून केली. खेळाडूंची बेरीज एकने जास्त आली. चौथ्या रविवारी तो जादा गोल सापडला. योस, बेकरी कामगार, दोनशे अठरा सामने, एक गोल. कार्डावर गोलाची तारीख होती, पण त्या दिवशीचा सामना निकालांत कुठेच नव्हता.

मी कार्ड पुढे ठेवलं तेव्हा मामांनी चष्मा पुसला. "धुकं पडलं होतं," ते म्हणाले. "मी गोलच्या मागे उभा होतो. योस बचाव सोडून इतका पुढे कधी यायचा नाही. त्या दिवशी धुक्यात चुकून आला असेल. त्याने मारला आणि बॉल माझ्यासमोर जाळीत. त्यानंतर दहा मिनिटांनी पंचांनी खेळ थांबवला. म्हणे काही दिसत नाही."

"मग तो सामना रद्द झाला, मामा. पुन्हा खेळवला असेल."

"खेळवला. त्यात योस नव्हता, बेकरीत पाळी होती."

"म्हणजे हा गोल धरता येत नाही."

"जावईबापू, सामना झालाच नाही म्हणता, मग मी दोन तास त्या थंडीत काय करत होतो?" मामांचा आवाज चढला. "अकरा वर्षं खेळला तो माणूस. एकच गोल. पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमातून व्हीलचेअरवर येऊन तो फलक बघणार आहे. त्याच्या नावापुढे मी शून्य लिहू? मी?"

मी म्हटलं, खाली तळटीप देऊ. मामा म्हणाले, भिंतीवरची तळटीप वाचायला लोक गुडघ्यावर बसणार का? मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दोघं कशाला भांडताय? ज्याचा गोल त्यालाच विचारा की."

मामांनी फोन लावला. योस आणि ते मोडक्या इंग्रजीत बोलतात. मामांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि फलकाची, बेरजेची, माझ्या आडमुठेपणाची अशी सगळी हकिगत सांगितली. पलीकडे बराच वेळ खोकला आणि हसू एकत्र ऐकू आलं.

"तो गोल?" योस म्हणाला. "मला बॉल कुठे दिसला? मी नुसता पाय मारला. मग धुक्यातून तू एकटाच ओरडलास, तेव्हा मला कळलं."

"मग एक लिहितो," मामा घाईने म्हणाले.

"वेडा आहेस का? शून्य लिही! दोनशे अठरा सामने आणि शून्य गोल, असा दुसरा कोणी आहे तुझ्या यादीत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादी चाळली. दोनशेच्या वर सामने खेळलेले एकोणीस जण होते. त्यांतल्या गोलकीपरांनीसुद्धा पेनल्टीवर एखादा केला होता. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही," मामा म्हणाले.

"बघ! या शून्यावर मला अजून कँटीनमध्ये बिअर फुकट मिळते. अकरा वर्षं खपलोय मी त्यासाठी. आता तू ते घालवू नकोस."

मामा हसले, तब्येतीला जप म्हणाले, फोन ठेवला. मग पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने एकाचं शून्य केलं. दोन्ही बेरजा जुळल्या. एरवी अशा वेळी मला फार बरं वाटतं.

जूनमध्ये चिटणीसांनी फोटो पाठवला. व्हीलचेअरवरचा एक म्हातारा, मांडीवर बिअरचा ग्लास, आणि भिंतीवरच्या शून्यावर टेकवलेलं बोट. मामांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ बघितला. त्या रविवारी चार वाजले, साडेचार वाजले, पण फोन करायला आता कोणताच क्लब नव्हता. मामींनी चहा आणून ठेवला आणि त्या मामांच्या शेजारी बसल्या.

"खूश दिसतोय," मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण गोल झाला होता बरं का."

मी म्हटलं, "झाला होता, मामा." पुराव्याचा कागद मागितला नाही.