मंगलाष्टका सोडल्या त्या वर्षी

नाव कानावर पडलं की मी ते तोलायला लागायची. मंगलाष्टकेच्या एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर विसावा, आणि तेवढ्यात नवरा-नवरी, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा, आत्या सगळे कोंबायचे. एखादी आत्या राहिली की ती पंगतीत तोंड फुगवून बसलीच म्हणून समजा. दिवसभर मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर टपालाला शिक्के मारायची, आणि डोक्यात लघू-गुरू चालू. घरी गॅसवर दूध, डोक्यात कुणाच्या तरी पोरीचं नाव. दूध कितीदा उतू गेलं ते विचारू नका.

सुरुवात नव्वदच्या आसपासची. धाकट्या नणंदेसाठी मी हौसेनं चार कडवी लिहून ठेवली होती. मंगलाष्टका म्हणणाऱ्या बाईंचा घसा ऐनवेळी बसला आणि सासूबाईंनी मलाच पुढं ढकललं. मांडवातल्या बायका ढसाढसा रडल्या. झालं, तिथून जे मागं लागलं ते लागलंच. कळंब्याची लग्नं झाली, पार मलकापूरपर्यंत गेले. कसबा बावड्याहून एक शेतकरी गृहस्थ स्कूटरवर आले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, आमच्या पोरीला बी तुमचंच पायजे. न्हाय म्हणायचं न्हाय." कशाला म्हणतेय मी नाही! कचेरीत मला कोण विचारत होतं? तिथं साहेब माझ्याकडं न बघताच फाईल टाकायचे. हॉलमध्ये मात्र "बाई आल्या, माईक द्या" म्हणत चार माणसं बाजूला सरायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझा एक हट्ट होता. एका मुलीला दिलेली ओळ दुसरीला द्यायची नाही. नावं बदलून तेच कागद फिरवणाऱ्या बायका गावात होत्या, मी त्यातली नव्हे.

पुढं पुढं मात्र जीव उबगला. दिवाळी संपली, तुळशीचं लग्न लागलं, की माझं लक्ष सारखं दाराकडं जायचं, आता लोक येणार. दरवर्षी ठरवायची, यंदा शेवटचं. दारात कुणी आलं की "बसा की, चहा घ्या" म्हणायची आणि नावं विचारायची. सोडलं तर मी उरणार कोण, शिक्केवाली बाई? रात्री कूस बदलून बदलून अंथरूण गोळा व्हायचं. धरवत नाही, सोडवत नाही, अशी तीन-चार वर्षं काढली.

आणि लेकीचं लग्न ठरलं. मी मनात म्हटलं, हे शेवटचं, आणि हे असं करायचं की कोल्हापुरानं नाव काढलं पाहिजे.

एक ओळ सुचेना. लेक, माहेर, उंबरा, डोळ्यांतलं पाणी, सगळं मी दुसऱ्यांच्या पोरींना वाटून बसले होते. जे सुचायचं ते कुणाचं तरी निघायचं. महिनाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. ह्यांनी एकदा सहज म्हटलं, "अगं, एखादं जुनं काढ की. नावं बदल. कुणाला कळतंय?" त्या दिवशी ह्यांना पोळी मीच वाढली, पण ताट असं आदळलं की परत त्यांनी विषय काढला नाही.

शेवटी मी लेकीसमोर बसले आणि सांगून टाकलं, "मला जमत नाही गं. तुझ्यासाठी एक ओळ येत नाही."

ती पत्रिकांवर हळदकुंकू लावत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं."

"बरं झालं म्हणजे?"

"तू म्हणायला नकोच होतीस मला. सांगायचं धाडस होत नव्हतं. माईकवर असलीस की तू कागदात असतेस. माझ्याजवळ उभी राहा की."

मला एवढं लागलं की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. माझ्या मंगलाष्टका नकोत म्हणणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते पोटचंच. तिसऱ्या दिवशी कचेरीतल्या बाईंनी भाचीच्या लग्नासाठी विचारलं. मी म्हटलं, "मी बंद केलं." तोंडातून गेलं आणि समोरच्या एकाच पाकिटावर मी तीनदा शिक्का मारला. त्यांना वाटलं, मला बरं नाही.

लग्नाच्या दिवशी थोरल्या नणंदेनं मला ऐनवेळी अडवलं. मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात, तिनं तुळशीला पाणी घालत बसायचं. मी म्हटलं, "वन्सं, तुळस सकाळीच पोटभर प्यालीय." आणि लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

अंतरपाट धरला. भटजींनी त्यांच्या नेहमीच्या मंगलाष्टका सुरू केल्या. समोर माईक मोकळा होता आणि माझा जीव तिकडं ओढत होता. तेवढ्यात लेकीचे हात दिसले. हार चांगला जाड, ओला, आणि तो छातीशी उचलून धरलेले तिचे हात थरथरत होते. मी खालून हात लावला. बर्फासारखे गार. एवढ्या नवऱ्या मुली मी रडवल्या, सात-सात कडवी म्हणत त्यांना असंच ताटकळत ठेवलं, आणि एकीचाही हात कधी धरला नव्हता. मी हाराचं ओझं माझ्या मनगटांवर घेतलं आणि तिची बोटं चोळत राहिले.

"आई," ती ओठ न हलवता कुजबुजली, "अजून किती राहिल्यात गं?"

"काय माहीत," मी म्हटलं. "मी ऐकतच नव्हते."