माझाच रिपोर्ट मी चोरला

मागच्या मंगळवारी मी आमच्याच घरात चोरी केली. सुनेच्या कपाटातून, साड्यांच्या घडीखालून माझाच रिपोर्ट काढला... पिशवीत घातला, वर ज्वारीचा डबा ठेवला आणि "दळण टाकून येते" म्हणत निघाले.

मी मूळची पारोळ्याकडची, आता जळगावात मेहरूणला मुलाकडे असते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. हे मी बोलतेय आणि नात तेजू मोबाइलवर लिहितेय. इंग्रजी शब्द तिचे, खोड्या माझ्या.

पोटाचं दुखणं आठ-नऊ वर्षांचं. रक्त पडायचं, मी मूळव्याध समजून ताक पीत बसले. असलं काही चारचौघांत सांगायचं तरी कसं... शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढले आणि तपासायला पाठवले.

रिपोर्ट आला तेव्हा मुलगा म्हणाला, "काही नाही आई, थोडी सूज आहे." बरं. पण संध्याकाळी सुरेखाने, म्हणजे सुनेने, न मागता दुसरा चहा आणून दिला. लग्न होऊन आल्यापासून माझ्या चहातल्या साखरेवर पहारा ठेवणारी बाई ती... त्या चहात चांगली दोन चमचे साखर होती. तिथेच मला संशय आला.

माझा एक जुना नियम आहे. कुठलाही कागद दोन जणांकडून वाचून घ्यायचा आणि त्या दोघांची एकमेकांशी ओळख नसली पाहिजे. ऐन सुगीत माझ्या आईच्या आजारपणाचं पत्र आलं होतं, ते दिराने अर्धंच वाचून दाखवलं. मी माहेरी पोचले तेव्हा आईचा दहावा उरकला होता... तेव्हापासूनचा हा नियम.

पहिला वाचणारा लांबच्या गल्लीतला मेडिकलवाला. त्याने गिऱ्हाइकं सांभाळत कागद वरवर पाहिला. "सूज आहे आक्का. कॅन्सर लिहिलेला नाही." माझ्या जिवात जरा जीव आला.

दुसरे तळ्याकाठच्या बाकावर पेपर वाचणारे रिटायर्ड मास्तर. घाबरले की माझी भाषा गावाला जाते... म्हटलं, "नाना, काय लिखेल शे? बठ्ठं वाचा, सगळंच, गाळू नका." ते वाचत गेले, बोट ओळीखालून सरकत गेलं... आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली. "आक्का, घरी कोणी शिकलेलं असेल ना? त्यांच्याकडून समजून घ्या."

दोन वाचणं जुळलं नाही. किती वेळ तिथे बसून होते कोण जाणे. माझ्याच पोटात काहीतरी बसलंय, मी जेवते ते तेही जेवतंय, आणि त्याचं नाव सगळ्या गावाला वाचता येतं... मलाच नाही.

घरी पोचले तर ज्वारीचा डबा बाकावरच राहिलेला, पिशवीत नुसता रिपोर्ट. चोरी तिथेच पकडली गेली. एरवी सुरेखाने महिनाभर ऐकवलं असतं. त्या दिवशी गुपचूप रिक्षा करून डबा घेऊन आली... शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

शनिवारी तेजू धुळ्याहून आली. ती तिथे लॅबचं शिकते, असेच तुकडे काचेवर लावून बघते. मी कागद तिच्या मांडीवर टाकला. "तुझी आई साखर घालते, तुझा बाप हसून दाखवतो. तू तरी वाच."

ती म्हणाली, "सगळं वाचते आजी. भीती वाटली तर माझा हात दाब."

"तो कधीचा दाबलाय, तुलाच कळेना."

तिने सांगितलं ते असं. आतड्याला आतून अस्तर असतं आणि त्याखाली सगळं जोडून धरणाऱ्या पेशी असतात. त्यांचं नाव माझ्या तोंडात बसत नाही. पण मी उभा जन्म शेतात काढला... म्हटलं, म्हणजे अस्तर हे पीक आणि या पेशी बांध घालणाऱ्या बाया. ती म्हणाली, अगदी तसंच.

जखम झाली की या बाया धावतात, माती टाकतात, बांध सांधतात. काम झालं की घरी जायचं. पण सूज वर्षानुवर्षं राहिली की त्यांना 'बस' म्हणणारं कोणी उरत नाही. त्या टाकतच राहतात. आतडं कडक होतं, आणि त्याच हाका मारून आणखी सूज बोलावतात.

आणि कॅन्सर उगवला तर? यातल्याच काही जणी त्याला खाऊपिऊ घालतात, आडोसा देतात. काही मात्र अडवूनही धरतात. आडोसा मिळाला की उंच बांधात घूस बिळ करते ना, तसं... आपणच घातलेला बांध आणि आत घूस.

मग ती शेवटून दुसऱ्या ओळीवर आली आणि थांबली नाही. एका तुकड्यातल्या अस्तराच्या पेशींचा चेहरा सरळ नाही. सुजेने तशा दिसतात की बिघडायला लागल्यात, हे आज सांगता येत नाही. औषधाने सूज उतरवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण.

म्हणजे 'नाही' असंही नाही आणि 'आहे' असंही नाही. तेव्हापासून गोळी वेळेवर घेते आणि पोटावर हात ठेवून त्या बायांना सांगते, बस करा गं, घरी जा आता... त्या ऐकतात की नाही, कोण जाणे. मी घाबरलेली आहे. हे लिही म्हटलं तेजूला, आणि तिने लिहिलं.

पण नियम म्हणजे नियम, ओळख नसण्याची अट तेवढी या वेळी सोडली. पोस्ट टाकण्याआधी तेजूने सगळं वाचून दाखवलं, मग मी फोन सुरेखाच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला लावलं. चहाची ओळ आली तिथे ती हसली. 'मी घाबरलेली आहे' इथे ती थांबली... डोळे पुसून तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

या खेपेला दोन्ही वाचणं जुळलं.