दुपारी बंद पडणारा एसी

माझ्या धाकट्या दिराला बंदराच्या धक्क्यावर सगळे 'मीटर' म्हणतात. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा माणूस व्होल्ट मोजायचं यंत्र ठेवतो. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं तारा जोडल्या, निवृत्त झाला आणि दुसऱ्याच सोमवारी धक्क्यावर एक छोटं दुकान घेऊन बोटींच्या बॅटऱ्या बघायला लागला. मी इथे त्याला 'तो' म्हणणार आहे. तोंडावर 'भावजी' आणि 'तुम्ही' म्हणते, तेवढा मान पुरे.

आमच्या इमारतीत तो खाली राहतो, मी वर. बायको गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करतो, वाईट करतो, आणि वाटीत घालून मला चाखायला आणतो. मी खरं ते सांगते. तो मान हलवून खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. कोणी चूक दाखवली की त्याला बरं वाटतं. चूक सापडली नाही की तो कामातून जातो. गेल्या उन्हाळ्यात तेच झालं.

एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको शिडाच्या बोटीवर राहतात. भूगोल शिकवून शिकवून कंटाळा आला म्हणून तोच भूगोल प्रत्यक्ष बघायला निघाले, असं मास्तर सांगतात. वर्षातले सहा महिने या बंदरातून त्या बंदरात. बाईंना मात्र हल्ली उकाडा सोसेना, दोनदा चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं, थंड खोलीत झोपा, नाहीतर जमिनीवर राहायला या. मास्तरांना बोट सोडवेना, बाईंना मास्तर. शेवटी ठरलं की बोटीत बॅटरीवर चालणारा एसी बसवायचा, आणि काम मीटरकडे आलं.

त्याने हिशोब मांडला. बॅटरीत दहा युनिट. एसी तासाला अर्धं युनिट खाणार. दुपारचे तीन तास, रात्रीचे आठ, म्हणजे दिवसाला साडेपाच. बोटीच्या मागच्या चौकटीवरची सोलर पॅनल चांगल्या उन्हात तीन-सव्वातीन परत देणार. म्हणजे चार दिवस खुशाल कुठेही नांगर टाकून बसा. गणित मी तपासलं. मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्रात का होईना, बेरीज-वजाबाकी येते. गणित बरोबर होतं.

बोटीतला एसी खोलीतली उष्णता हवेत टाकत नाही, समुद्राच्या पाण्यात टाकतो. एक पंप तळातून पाणी ओढतो, ते यंत्रातून फिरतं आणि बोटीच्या अंगाला असलेल्या भोकातून बाहेर पडतं. हे सगळं त्याने मला जिन्यात थांबवून सांगितलं. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या.

पहिल्या दिवशी हा बोटीवर असेपर्यंत एसी झकास चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा फोन, रात्री बंद पडला, आत्ताही पडला. हा संध्याकाळी गेला, बटण दाबलं, एसी चालू. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. रात्री झोपायला गेलं तरी तेच. याने तारा बदलल्या, इन्व्हर्टर बदलला, एकेक बॅटरी बाहेर काढून मोजली. सगळं ठणठणीत. हा बोटीवर असला की एसी चालायचा. मास्तर जेवून आडवे झाले की दहा मिनिटांत गप्प.

"वहिनी," तो मला म्हणाला, "कोण उभं आहे आणि कोण आडवं, ते एसीला कसं कळतं?"

"मला विचारू नका," मी म्हटलं. "माझा पंखा सगळ्यांना सारखंच वागवतो."

तो हसला नाही. दोन दिवसांनी सकाळीच वर आला. हातात वाटी नव्हती. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"दादाचं सुरू झालं, तेव्हा पहिल्यांदा काय झालं होतं?"

दादा म्हणजे माझा नवरा. शेवटची तीन वर्षं त्यांना मी कोण हेही कळत नव्हतं. या विषयावर मी सहसा बोलत नाही, पण त्याने सरळ विचारलं म्हणून सरळ सांगितलं. "शब्दकोडं चौकटीबाहेर लिहायला लागले. का?"

"तार घट्ट केल्याचं मला आठवतं," तो म्हणाला. "खरंच केली, की करायची होती ते आठवतंय, ते कळत नाही. गणित बरोबर, वस्तू बरोबर, आणि चालत नाही. मग चुकीचं उरलं कोण? मीच ना?"

"काहीतरीच."

"काहीतरीच नाही. या बोटीचं कोडं सुटलं नाही, तर मी दुकान बंद करणार. लोक त्या बॅटऱ्यांवर झोपतात, वहिनी. माझ्या हातून एखादी तार सैल राहिली तर त्यांच्या अंथरुणाला आग लागेल."

मी चिडले. तो अडुसष्टचा, मी त्र्याहत्तरची. त्याचं डोकं गेलं असेल तर माझं कधीच जायला हवं होतं. पण चिडून उपयोग नव्हता, कारण दादांच्या वेळीही मी वर्षभर 'काहीतरीच'च म्हणत होते.

"आज तुम्ही चला," तो म्हणाला. "मी जे जे करेन ते बघा. आणि नंतर मला सांगा, की मी ते केलं."

गेले. गुडघ्यांना न विचारता शिडी उतरले. आत एक टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, पुढे एक पलंग, सगळीकडे साबणाचा आणि डिझेलचा वास. बाई ओला टॉवेल मानेवर टाकून बसल्या होत्या. "या ताई," त्या म्हणाल्या, "आमच्या थंडगार महालात." महाल तव्यासारखा तापला होता.

मीटरने काम सुरू केलं. एकेक तार ओढून बघितली. "ओढली?" "ओढली." बॅटरीत साडेनऊ युनिट. "तुम्ही वाचा." मी वाचलं, साडेनऊ. एसी लावला, गार वारा आला. बाहेर वाकून बघितलं, बोटीच्या अंगातून पाण्याची धार पडत होती. "पाणी पडतंय?" "पडतंय." तासभर चालला. काहीही झालं नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "आता तुम्ही रोज करता तेच करा. झोपा."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यासमोर."

"घोरतात हं, आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "नंतर तक्रार नको."

मास्तर उठले. त्यांनी जमिनीची एक फळी उचलली, हात घालून एक दांडा फिरवला. मग बेसिनखाली एक. मग संडासात जाऊन आणखी एक.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"व्हॉल्व्ह बंद. बोटीच्या तळाला भोकं असतात, ताई. माणूस जागा असेपर्यंत ठीक. आडवं पडायच्या आधी सगळी बंद. माझ्या पहिल्या बोटीत झोपेतून उठलो तो घोटाभर पाण्यात पाय."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी मान डोलावली. शेजारी उभ्या असलेल्या मीटरनेही डोलावली. एक बी.एस्सी. आणि एक तेहतीस वर्षं खात्यात घालवलेला माणूस, दोघांच्या डोळ्यांदेखत झालं आणि दोघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

मास्तर आडवे झाले आणि नवव्या मिनिटाला एसी खट्कन बंद पडला. मास्तर ताडकन उठून मेन स्विचकडे धावले.

"हात लावू नका!" मीटर ओरडला. "रोज तुम्ही मेन बंद करता?"

"करणारच. बोटीत काही बिघडलं की आधी वीज तोडायची."

म्हणून रोज हा यायचा तेव्हा एसीचा पडदा कोरा असायचा. आज त्यावर एक खूण लुकलुकत होती. त्याने पुस्तिका काढून खूण शोधली. बॅटरीचा दोष नव्हता. यंत्रातला दाब वाढला होता. तो वर गेला, मी मागोमाग. बोटीचं अंग कोरडं.

"वहिनी, पाणी पडतंय?"

"नाही."

"मघाशी पडत होतं?"

"पडत होतं."

"नक्की?"

"अहो, नक्की! मी आंधळी आहे का?"

त्याने वाकून त्या कोरड्या भोकात बोट घालून बघितलं. मग खाली येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, एसीचं पाणी संडासाच्या नळीतून येतं."

बोटीला नवीन भोक पाडायला मास्तर तयार नव्हते, म्हणून प्लंबरने संडासाला समुद्राचं पाणी आणणाऱ्या जुन्या नळीलाच फाटा काढला होता. मास्तर झोपायला निघाले की एसीचं पाणी तोडत होते, आणि उष्णता आतच कोंडून दाब वाढत होता. उठले की व्हॉल्व्ह उघडायचे, मेन लावायचे आणि मीटरला फोन करायचे. आम्ही सगळे हसलो. बाई तर टॉवेलने डोळे पुसायला लागल्या. मीटरच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पण आडवं पडताना व्हॉल्व्ह बंद करतो, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की."

"यांना नाही, बोट रंगवायला आला होता त्या रंगवाल्याला," बाई म्हणाल्या.

"रंगवाल्याला मी कशाला सांगू? मीटरला सांगितलं. इथे, या टेबलाशी."

"रंगवाला बसला होता त्या टेबलाशी. तुमचंच लक्ष नसतं."

"माझं लक्ष नसतं?"

मीटरने माझ्याकडे बघितलं. "मला सांगितलं होतं का, वहिनी? फाटा काढला तेव्हा टॉर्च धरून मीच उभा होतो, तेवढं आठवतंय. हे आठवत नाही."

मी त्या दिवशी तिथे नव्हतेच, आणि आज काय झालं तेवढंच मला माहीत होतं. सांगितलं असेल तर तो विसरला. नसेल तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मास्तरांना खात्री होती, बाईंना उलटी खात्री होती, आणि रंगवाला कुठल्या बंदरात होता कोणास ठाऊक. 'काहीतरीच' हा शब्द ओठांपर्यंत आला होता, तो मी गिळला.

"मला माहीत नाही, भावजी," मी म्हटलं.

त्याला राग आला नाही. उलट तो बाकावर नीट मांडी घालून बसला, बाईंकडून एक वही मागून घेतली आणि पहिलं पान मोकळं सोडून दुसरं उघडलं.

"मास्तर, सकाळी उठल्यापासून तुम्ही बोटीत काय काय करता, ते सगळं सांगा. कुठला व्हॉल्व्ह, कुठलं बटण, कधी. मला पहिल्यांदाच सांगताय असं सांगा. वहिनी, तुम्ही ऐका."

"अहो, पण ते मी तुम्हाला..."

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मास्तरांनी वर्गापुढे उभं राहिल्यासारखा घसा साफ केला.

"सहाला उठतो," ते म्हणाले.

"सहाला," मीटर म्हणाला, आणि त्याने लिहिलं.